रविवारचं रिंगण : पोरांना बोलतं आणि ऐकतं करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

"आमचा पोरगा घरात नुसती वटवट करतो हो, पण चार माणसं जमली की तोंडाला कुलूप." हे मी गेल्या सहा वर्षांत कितीतरी आयांकडून ऐकलंय, आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं वाक्य येतंच, "कुठल्या तरी स्पर्धेत घाला की त्याला, जरा स्टेज डेअरिंग येईल."

मी शिक्षिका नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये हिशेब बघते, आणि रविवारी सकाळी पूर्व भागातल्या एका मंडळाच्या खोलीत आठवी ते बारावीची पोरंपोरी घेऊन बसते. गोल करून बसतो म्हणून पोरंच त्याला रिंगण म्हणायला लागली. ज्यांना आपल्या गल्लीत, सोसायटीत, वस्तीत असं काही सुरू करायचंय पण आधी कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय. पैसे लागत नाहीत, डिग्री लागत नाही. आठवड्याला दीड तास लागतो आणि गप्प बसायची तयारी लागते, आणि खरं सांगते, दीड तास काढणं सोपं आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल

पहिल्या वर्षी मी पण स्पर्धेनंच सुरुवात केली. १२ जानेवारीचा कार्यक्रम होता. बाकीच्या महाराष्ट्रात तो दिवस युवा दिन आणि जिजाऊ जयंती म्हणून होतो, आपल्या सोलापुरात त्याला अजून एक बाजू आहे, १९३१ साली त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या जेलात फाशी दिलं होतं. तर नववीतल्या एका मुलीला मी चार हुतात्म्यांवरचं भाषण लिहून दिलं, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग" पासून ते शेवटच्या "जय हिंद" पर्यंत, आणि तिनं ते रात्रंदिवस घोकलं. त्या दिवशी तिसऱ्या परिच्छेदाला ती अडकली. मी खालून मोठ्यानं पुढचं वाक्य सांगितलं, तिनं ऐकलं, परत अडकली, मी परत सांगितलं, मग तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ खाली उतरून निघून गेली. नंतर दोन महिने आलीच नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेले. बराच वेळ खाली मान घालून बसली आणि मग म्हणाली, "अक्का, ते तुमचं भाषण होतं. मला कुर्बान हुसेनबद्दल सांगायचं होतं, तो विशीतलाच होता आणि पेपर काढायचा."

मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला यातलं काय सांगावंसं वाटतंय. भाषण लिहिलं, हातवारे शिकवले, आवाज कुठं चढवायचा ते सांगितलं, पण तिच्या मनात काय आहे ते ऐकायला मी पाच मिनिटं सुद्धा बसले नव्हते. त्या दिवसापासून आमच्याकडे पहिले दोन महिने भाषण नाही. फक्त ऐकणं आणि आपापसात बोलणं. बोलायची भीती मला जी काही जाताना दिसली ती आपलं कुणीतरी कान देऊन ऐकतंय हे पोराला दिसल्यावर जाताना दिसली.

जागा, वेळ, किती पोरं

जागा कुठलीही चालते, मंडळाची खोली, देवळाचा मंडप, कुणाची तरी गच्ची, फक्त आसपास आवाज कमी पाहिजे. आमच्या भागात हाच मोठा प्रश्न, शेजारी लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू असला की बोलणंच खुंटतं, म्हणून आम्ही मालक सुट्टी देतात ती वेळ बघून बसतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा सकाळी साडेसातला जमायचं आणि नऊला मोकळं व्हायचं, त्यानंतर पोरांचं लक्ष राहत नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पोरं आठ ते दहा. बारा झाली की थांबा आणि दुसरी बॅच काढा. वीस पोरं जमवली की बघायला भारी दिसतं पण एकेकाची पाळी यायला तास जातो, आणि जे पोरगं मागं लपायला बघतंय त्याला लपायला जागा मिळते. खाली चादर अंथरायची, गोल बसायचं, तुम्हीपण खालीच बसायचं. खुर्ची घेऊन बसलात की शाळा झाली. गुडघे दुखत असतील तर पाट घ्या पण उंची साधारण तेवढीच ठेवा.

मोबाईल टोपलीत. पहिला तुमचा. हे मी पोरांना एकदाही सांगितलेलं नाही, मी येऊन माझा ठेवते आणि मग ते ठेवतात.

अजून एक, हे मला कळायला वर्ष गेलं. ज्या घरात माग चालतो त्या घरातली पोरं मोठ्यानं बोलतात, वाक्यं तोडकी असतात, हातानं खुणा जास्त. मी सारखी "हळू बोल, ओरडू नको" करायचे. मग एकदा एकाच्या घरी गेले, दोन लूम चालू, त्याची आई मला काय विचारतेय ते मला तिच्या ओठांकडे बघून ओळखावं लागलं. त्या घरात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. त्यानंतर मी ओरडणं बंद केलं, उलट त्याला म्हटलं तुझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो, हे बाकीच्यांना शिकायला महिने लागतात. आवाज लहान कसा करायचा हे तो नंतर आपोआप शिकला, कारण रिंगणात कुणी ओरडत नव्हतं.

पहिला रविवार : नाव

"उभं राहा आणि स्वतःचा परिचय दे" हे करू नका. बुजऱ्या पोराचा पहिला दिवस तिथंच संपतो.

शेजारच्याशी जोडी लावा. दोघांनी एकमेकांना विचारायचं, तुझं नाव कुणी ठेवलं, घरी काय म्हणतात, का म्हणतात. पाच मिनिटं. मग रिंगणात प्रत्येकानं आपलं नाव सोडून द्यायचं आणि शेजारच्याचं सांगायचं. "याला घरी चिन्ना म्हणतात, चार भावांत धाकटा म्हणून, आता सहा फुटाचा झाला तरी चिन्नाच." पोरं हसतात, वातावरण सैल होतं.

पण यातली खरी गंमत पुढं आहे. सांगणारा हमखास कुठंतरी चुकतो. आणि चुकला की ज्याच्याबद्दल सांगतोय ते पोरगं, जे आल्यापासून हूं की चूं करत नव्हतं, पटकन म्हणतं, "आजीनं नाही बे, आत्यानं ठेवलं!" झालं, दहा जणांसमोर बोललं की ते. भीती वाटायला वेळच मिळाला नाही. मी हे दर बॅचला बघते, आपल्याबद्दल चुकीचं सांगितलेलं कुणालाच सहन होत नाही आणि ते दुरुस्त करायला माणूस बोलतोच.

दुसरा ते पाचवा रविवार : नुसतं ऐकणं

हा भाग सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि लोक हाच भाग उडवतात. उडवू नका.

परत जोड्या. एकानं दोन मिनिटं बोलायचं, विषय साधा, कालचा दिवस कसा गेला, कशाचा राग आला, घरात कुणाशी जास्त पटतं. दुसऱ्यानं दोन मिनिटं तोंड मिटून ऐकायचं. मध्ये "हो ना, माझं पण तसंच झालं" चालणार नाही, सल्ला तर अजिबात नाही. दोन मिनिटं झाली की ऐकणाऱ्यानं सांगायचं, "तू म्हणालीस की..." आणि जे ऐकलं ते आपल्या शब्दांत. बोलणाऱ्यानं फक्त बरोबर की चूक एवढं सांगायचं. चूक असेल तर परत.

पहिल्या वेळी जवळजवळ सगळेच चुकतात, कारण समोरचा बोलत असताना आपण आपलं काय सांगायचं तेच मनात जुळवत असतो. पोरांना हे स्वतःचं स्वतःला कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही. एका मुलानं मला सांगितलं होतं, "अक्का, त्यानं आजी वारली म्हटलं आणि मी आमच्या आजीचं काय सांगू तेच बघत होतो." असं स्वतःहून ओळखलेलं पोरगं पुढच्या वेळी वेगळंच ऐकतं.

हे जमायला लागलं की प्रश्न. एकच नियम, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं तो प्रश्न बाद. समजा आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेबद्दल, म्हणजे गड्ड्याबद्दल विचारायचंय. "गड्ड्याला गेलतीस का?" "हो." संपलं बोलणं. तेच "होम मैदानावर गेल्यावर आधी कुठं गेलीस?" असं विचारा, मग पाळण्यात बसलेली, धाकटा भाऊ गर्दीत हरवलेला, नंदीध्वज बघायला पहाटेपासून जागा धरून बसलेली आजी, सगळं बाहेर येतं. कसं, कुठं, मग काय झालं, तेव्हा कोण होतं, असे प्रश्न. "का" जरा जपून वापरायचा, "का केलंस असं?" म्हटलं की ते चौकशी केल्यासारखं वाटतं आणि पोरगं मिटतं. त्याऐवजी "तेव्हा काय वाटत होतं?" विचारा.

याच काळात एक खेळ घ्या, पाठीला पाठ. दोघं पाठीला पाठ लावून बसतात, एकाच्या हातात चादरीवरच्या डिझाइनचं साधं चित्र, चौकटी, मध्ये फूल, कडेला पट्टे. त्यानं बघून सांगायचं आणि दुसऱ्यानं न बघता काढायचं. पहिल्या फेरीत "इथून वर घे" "मग असं वळव" असलं चालतं आणि कागदावर भलतंच काहीतरी उतरतं. इथून म्हणजे कुठून? असं म्हणजे कसं? समोरच्याला आपल्या डोक्यातलं दिसत नाही ही गोष्ट मी तासभर समजावून सांगितली असती तरी एवढी पक्की बसली नसती. पहिल्या फेरीत काढणाऱ्यानं प्रश्न विचारायचा नाही, दुसऱ्या फेरीत विचारायची परवानगी द्या, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा.

तसाच दुसरा, एसटी स्टँडपासून तुझ्या घरापर्यंत यायचं कसं ते नवख्या माणसाला सांग. "तिथून सरळ ये की, कुणालाबी विचार" हे वाक्य बाद करा, मग बघा कशी तारांबळ उडते आणि कसं हळूहळू नीट सांगायला लागतात.

भाषेचं काय

आमच्या रिंगणात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, कुणाच्या मराठी, आणि गल्लीत सगळ्यांचंच "काय करलालाव बे". पहिल्या महिन्यात ज्याला ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोलू दे. कळलं नाही तर शेजारचा मराठीत सांगतो, तोही ऐकण्याचाच सराव झाला. एक मुलगी मराठीत तीन वाक्यांत आटपायची, तिला म्हटलं तेलुगूत सांग, तर ती थांबेचना, आवाजच बदलला तिचा. मग तेच परत मराठीत सांगितलं तेव्हा तीनाची दहा वाक्यं झाली, कारण काय सांगायचं ते आता तिच्याकडे तयार होतं.

बँकेत, कॉलेजात, इंटरव्ह्यूला प्रमाण मराठी लागतं, हिंदी-इंग्रजी लागतं, ते शिकवायचंच. फक्त ते शिकवताना पोराच्या घरच्या बोलण्याला अशुद्ध म्हणू नका. एकदा म्हटलं की पुढचं प्रत्येक वाक्य ते आधी मनात तपासून बघतं आणि मग बोलतच नाही. जीभ मोकळी व्हायला आम्ही सुरुवातीला "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" दोन-तीनदा म्हणतो, आधी हळू, मग भरभर. पाच मिनिटं, बास.

भीती वाटते तिचं काय करायचं

"घाबरायचं काय त्यात" असं म्हणू नका. घाबरणारच. छाती धडधडते, घशाला कोरड पडते, पाय लटपटतात, हाताला घाम येतो, कारण संकट आलं असं समजून शरीर अॅड्रेनॅलिन सोडतं, आणि मोठमोठ्या वक्त्यांनाही हे होतं. पोरांना हे नीट समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं फक्त मलाच असं होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

श्वास: चार मोजत आत, सहा ते आठ मोजत हळू बाहेर, पाच वेळा. बाहेर सोडणं लांब पाहिजे, त्यानं धडधड उतरते. हे उभं राहायच्या आधी करायचं. पाय दोन्ही जमिनीवर, वजन सारखं. पाण्याचा एक घोट. पहिलं वाक्य तेवढं पाठ, बाकीचं पाठ करायचं नाही, तळहाताएवढ्या कागदावर तीन-चार शब्द लिहायचे आणि त्यावरून बोलायचं. सुरुवातीला सगळ्यांकडे बघायची गरज नाही, एका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून एक वाक्य, मग दुसऱ्या चेहऱ्याकडे.

आणि विसरण्याचा सराव. हो, मुद्दाम. बोलता बोलता मी हात वर करते, बोलणाऱ्यानं तिथंच थांबायचं, मनात पाच मोजायचे, मग पुढं बोलायचं. त्या वेळात कुणी काही सांगायचं नाही, खुसखुस करायची नाही, नुसती वाट बघायची. पहिल्यांदा ते पाच आकडे पाच मिनिटांसारखे वाटतात. चार-पाच रविवार केलं की पोरांच्या लक्षात येतं की मध्ये थांबलो तर काही आभाळ कोसळत नाही, ऐकणारे उलट पुढं सरकून बसतात. त्या मुलीच्या वेळी मी खालून ओरडले नसते आणि पाच मोजले असते तर तिला तिचं वाक्य सापडलं असतं असं मला अजूनही वाटतं.

नवव्या रविवारपासून : घरातली एक वस्तू

विषय द्यायचा नाही. "माझा आवडता नेता", "वृक्षारोपणाचे महत्त्व" नको, कारण त्याची तयार भाषणं मोबाईलवर मिळतात. घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल एक मिनिट बोलायचं. वस्तू हातात असल्यामुळे हात कुठं ठेवू हा प्रश्न सुटतो आणि सगळे आपल्याऐवजी वस्तूकडे बघतात.

एक अकरावीतली मुलगी आईचं विड्या वळायचं सूप घेऊन आली. आत तेंदूची भिजवलेली पानं, पान कापायचा पत्रा, कात्री, दोऱ्याचं रीळ, तंबाखू मात्र आणली नव्हती. बसली मांडी घालून, सूप मांडीवर घेतलं आणि पानावर पत्रा ठेवून कापत कापतच बोलायला लागली. पान कोरडं असलं तर चिरतं म्हणून आदल्या दिवशी भिजवतात, हजार विड्यांवर मजुरी मोजतात, वळलेल्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या की तेवढे पैसे गेले, आई बोलता बोलता सुद्धा न बघता वळते, आईच्या अंगठ्याला कसा घट्टा पडलाय. एक मिनिटाची चार मिनिटं झाली, मी थांबवलं नाही. आधीचे दोन महिने ही मुलगी आपली पाळी आली की "मला नाही येत" म्हणायची.

त्यानंतर आमचा नियम. "छान बोललीस" म्हणायला बंदी आहे. टाळ्या आधी वाजवू नका. ऐकणाऱ्यांपैकी तिघांनी बोलायचं, प्रत्येकानं दोनच गोष्टी, मला यातलं काय लक्षात राहिलं आणि मला अजून काय जाणून घ्यायचंय. "अंगठ्याचं लक्षात राहिलं. दिवसाला हजार व्हायला किती वेळ लागतो?" बोलणाऱ्याला यातून कळतं की आपलं कुठलं बोलणं पोचलं. आणि नुसतं छान म्हणणाऱ्यानं ऐकलंय की नाही ते कळत नाही. तुम्ही शेवटी बोला, आणि एका वेळी सुधारणा एकच सांगा, पाच सांगितल्या तर एकही होत नाही.

फोनवर बोलणं

हे थोडक्यात. आत्ताची पोरं व्हॉइस नोट टाकतात पण अनोळखी माणसाला फोन लावायला घाबरतात, बापाला म्हणतात तुम्हीच करा. रिंगणात दोघांना पाठमोरं बसवून सराव घ्या, एक दवाखान्यातला, एक अपॉइंटमेंट घेणारा, किंवा क्लासची फी विचारणारा. मी कोण, कशासाठी फोन केलाय, आत्ता बोलायला वेळ आहे का, या तीन गोष्टी आधी. शेवटी समोरच्यानं सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, "म्हणजे मंगळवारी पाचला यायचं, बरोबर ना?" नंतर घरचा एखादा खरा फोन त्यालाच करू द्या, गॅसचा, लाइटबिलाचा, कशाचाही.

अडखळणारं पोरगं, कमी ऐकू येणारं पोरगं

मोठ्या माणसांत साधारण १ टक्का लोक बोलताना अडखळतात, लहान मुलांत जास्त, त्यामुळे तुमच्याकडे आज ना उद्या असं मूल येणारच. त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. "सावकाश बोल", "श्वास घे" हे पण नको, त्यानं सगळ्यांचं लक्ष त्याच्या अडखळण्यावर जातं. तोंड फिरवू नका, बघत राहा, थांबा, त्याचं त्याला पूर्ण करू द्या. बाकीची पोरं तुमचं बघून तसंच करतात. आणि आईबापांना शांतपणे सांगा की स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवा, धाकानं किंवा मारानं हे जात नाही, वाढतं.

जे पोरगं सारखं "आं?" करतं, भलतंच उत्तर देतं, त्याला लगेच लक्ष नाही म्हणून बोल लावू नका. कान तपासून घ्यायला सांगा. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडला तर ऐकू येणं कमी होतं, आणि लूमच्या शेडमधला आवाज बहुतेक वेळा याच्या वरच असतो. आमच्या भागात हे फार आहे आणि कुणी त्याकडे बघत नाही, मला याचं खरंच वाईट वाटतं. कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओमेट्रीची साधी टेस्ट असते, त्याला काही दुखत-बिखत नाही.

स्टेज सगळ्यात शेवटी

तीन महिन्यांच्या आत स्टेज नको. आणि पहिलं स्टेज लहान, पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन, गणपतीत आरतीच्या आधी एक मिनिट, सोसायटीची मीटिंग. माइक आदल्या दिवशी हातात द्या. तोंडापासून साधारण एक मूठ अंतर, फुंकर मारायची नाही, बोटानं टकटक करायची नाही, आपलाच आवाज स्पीकरमधून मागून येतो त्यानं दचकायला होतं ते आधीच अनुभवू द्या. तुम्ही खाली पहिल्या रांगेत बसा आणि ओठ मिटून बसा.

ती हुतात्म्यांवर बोलणारी मुलगी परत आली. वर्षभर रिंगणात बसली आणि दुसऱ्या जानेवारीत चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांबद्दल बोलली, म्हणजे खरं तर एकट्या कुर्बान हुसेनबद्दलच. भाषण तिनंच ठरवलं, मी फक्त तीनदा ऐकलं आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला. मध्ये एकदा थांबली. मी मनात मोजत होते, चारला ती पुढं गेली.

जे पोरगं बोलतच नाही

दर बॅचला एक तरी असतं. त्याला ढोसू नका. "आज तरी बोल की" म्हणून सगळ्यांसमोर मागं लागू नका. पाळी आली की त्याला "पास" म्हणायची मुभा द्या, फक्त एक काम मात्र द्या, ऐकलेल्यातली एक गोष्ट वहीत लिहून ठेवायची आणि मागितली तर दाखवायची.

आमच्याकडे एक मुलगा सात महिने पास म्हणत होता. वेळेवर यायचा, चादर अंथरायचा, टोपली पुढं करायचा, लिहायचा, जायचा. त्याची आई म्हणायची, कशाला जातो काय माहीत. मला पण मधूनमधून वाटायचं आपलं काही चुकतंय का, पण त्याची वही वाचायचे तेव्हा कळायचं, एवढं नेमकं कुणीच ऐकत नव्हतं.

साधारण महिन्यातून एकदा आम्ही कुणातरी वयस्कर माणसाला बोलावतो, पोरं त्यांना विचारतात आणि ते सांगतात. तुम्हीपण हे नक्की करा, यासारखा ऐकण्याचा सराव नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना पण बरं वाटतं. त्या रविवारी लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये उभी हयात काढलेले एक आजोबा आले होते. मिलचा भोंगा कसा वाजायचा, भोंग्यावर अख्खी चाळ कशी उठायची, घड्याळ कुणाच्या घरी नव्हतंच, बायका भोंगा ऐकून चूल पेटवायच्या, मग मिल बंद पडली, भोंगा बंद झाला. पोरांनी चार-पाच प्रश्न विचारले, पगार किती होता, डबा कोण आणायचं. मग कुणालाच काही सुचेना, शांतता पसरली, आजोबा पिशवी उचलायला लागले.

तेव्हा तो मुलगा वहीतून मान वर करून म्हणाला, "आजोबा, भोंगा बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही किती वाजता उठला?"

आजोबांनी पिशवी परत खाली ठेवली. "त्याच वेळेला रे," म्हणाले, आणि मग पुढची वीस मिनिटं ते फक्त त्याच्याकडे बघून बोलत होते.